तानपुऱ्यात न लावलेला गंधार ऐकू येतो, तो कसा?

मैफलीत तानपुरा सहसा तेच चार सूर छेडत राहतो. पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. त्यामुळे बहुतेकांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. पण खर्जाच्या तारेचा नाद विरेपर्यंत कान तिथेच ठेवला, तर त्यात गंधारही ऐकू येतो. प्रत्यक्षात एकही तार गंधारात लावलेली नसते! यालाच ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

कंप पावणारी तार अखंड तर हलतेच, शिवाय दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते. खर्ज १०० हर्ट्झचा असेल, तर त्याच तारेत ५०० हर्ट्झचा नादही असतो. तोच हा गंधार. घोडीची जवारी आणि तारेखाली सरकवलेला दोरा असे वरचे नाद खुलवतात. जवारी काढणं हे अत्यंत कसबाचं काम. त्यासाठी नावाजलेल्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हा गंधार लगेच सापडेलच असं नाही. मोबाइलच्या स्पीकरपेक्षा हेडफोन बरा, समोर बसून ऐकणं त्याहून उत्तम. एकदा सापडला, की भूप गाणारा गंधारावर थांबल्यावर त्याचा सूर तानपुऱ्यात मिसळला की जरासा वर राहिला, हेही हळूहळू कळू लागतं.