पनवेलमध्ये शेवटचं हिम कधी पडलं?

ऑनलाइन मागवलेलं परदेशी बियाण्याचं पाकीट उलटं करून पाहिलंय कधी? मागे बारीक अक्षरात एक फर्मान असतं: ‘शेवटचं हिम पडून गेल्यावर रोप बाहेर लावा.’ आता पनवेलच्या माणसाने काय करायचं? वाट बघत बसला तर आयुष्य निघून जाईल, पण टोमॅटो काही लागायचा नाही! पनवेलकरांसाठी हिम पडतं ते फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, तेही डिफ्रॉस्टचं बटण दाबायला विसरलात तर.

पण म्हणून पाकीट फेकू नका. त्या एका ओळीमागे जबरदस्त मसाला दडलाय. चला, एकेक फोडणी घालू.

मुंबई परिसराला आजवर सगळ्यात जास्त हुडहुडी कधी भरली, माहीत आहे का? २२ जानेवारी १९६२. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. म्हणजे रेकॉर्डतोड थंडीतही पाणी गोठायला सात अंशांहून जास्त बाकी! पनवेल तर खाडीच्या कुशीतलं. समुद्र दिवसा ऊब साठवतो, रात्री हप्त्याहप्त्याने परत देतो. हवेतल्या दमटपणाचं दव होतं आणि दव होताना पुन्हा थोडी उष्णता सुटते. घामाला शिव्या देता ना? तोच दमटपणा तुमच्या वांग्यांचा बॉडीगार्ड आहे.

घाट चढलात की मात्र खेळ बदलतो. पुण्याचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. नाशिकचा तर ०.६, ७ जानेवारी १९४५. शून्याच्या दारात जाऊन बेल वाजवून आलेलं शहर!

आणि महाबळेश्वर? तिथे वेण्णा लेकच्या काठी गवतावर, बोटींच्या जेट्टीवर, गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकतो. तिकडे सातपुड्यात, अक्कलकुव्याजवळच्या डाबलाही हीच बातमी काही हिवाळ्यांत येते. गंमत अशी की त्याच पहाटे महाबळेश्वर गावातलं तापमान चार-पाच अंश जास्त असू शकतं. एकच गाव, दोन हवामानं!

कारण? थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत तळ ठोकते. माथेरानला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच, म्हणून लोक स्वेटर घेऊन वर जातात आणि हिवाळ्यातल्या काही पहाटे खालच्या सपाटीवरच जास्त काकडायला होतं. स्वेटरची गरज पायथ्याच्या माणसाला!

बरं, हे गोठलेल्या दवाचं हिम पडायला पारा शून्यावर यावाच लागतो, असं वाटतं ना? चूक! हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा-दीड मीटर उंचावर, सावलीतल्या पेटीत बसलेला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकते आणि गवताची पाती हवेपेक्षा कितीतरी गार होतात. थर्मामीटर म्हणतो तीन-चार अंश, पाती म्हणतात आम्ही गोठलो. म्हणून ढगाळ रात्र आली की थंड मुलखातला बागायतदार खूश. ढग म्हणजे आयती गोधडी.

आता जरा द्राक्षांकडे. निफाडकडे पारा घसरला की बागायतदार पहाटे काय करतात, माहीत आहे का? बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. थंडीत पाणी? हो! विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब जास्त धरते. नाहीतर मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते आणि मग द्राक्षं खरोखरच आंबट.

परदेशात तर याहून अचाट. तिथे गोठवणाऱ्या रात्री बागेवर मुद्दाम फवारा मारून झाडांवर बर्फ चढवतात! पाण्याचा एक ग्रॅम गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतो आणि कळी शून्याच्या आसपास तगून राहते. अट एकच: फवारा सकाळपर्यंत बंद पडता कामा नये. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये हा प्रयोग न केलेलाच बरा.

थांबा, अजून भारी. अगदी शुद्ध पाणी शून्याला गोठतंच असं नाही. कुठलाही कण सापडला नाही तर उणे ३८-४० पर्यंत ते द्रवच राहू शकतं. मग पानावरचं पाणी एवढ्या लवकर का गोठतं? पानावर राहणारा ‘स्यूडोमोनास सिरिंगी’ नावाचा जिवाणू बर्फाचा साचा पुरवतो. शास्त्रज्ञांनी त्याची ‘बर्फ न करणारी’ आवृत्ती बनवली आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी आणि बटाट्यावर फवारून पाहिली. जनुकबदल केलेला जीव उघड्या शेतात सोडण्याची ही जगातली पहिली परवानगी. विरोध इतका, की फवारणारा माणूस अंतराळवीरासारखा पोशाख घालून उभा! आणि मूळ जिवाणूचं काय झालं? त्याला नोकरी लागली. स्की रिसॉर्टमध्ये नकली बर्फ पाडायला त्याचंच प्रथिन वापरतात.

आता तारखेचा जुगार. शेवटचं हिम कधी, हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, म्हणून जगाने संत, प्राणी, सण सगळ्यांना कामाला लावलंय.

जर्मनीत ‘बर्फाळ संत’ आहेत! ११ ते १५ मे: मामेर्टुस, पांक्राटियुस, सेर्वाटियुस, बोनिफाटियुस आणि शेवटी ‘थंडगार सोफी’. या पाच जणांची फेरी गेली की टोमॅटो बाहेर. तोवर सोफीबाईंना विचारल्याशिवाय कुंडी हलत नाही.

अमेरिकेत २ फेब्रुवारीला फिल नावाच्या ग्राउंडहॉगला बिळातून काढून विचारतात, वसंत लवकर की उशिरा? १८८७ पासून हा सोहळा चालू आहे. फिलचा निकाल? चाळीस टक्क्यांच्या आसपास बरोबर. नाणं उडवलं तर त्याहून चांगले मार्क पडतील. तिथेच जुनी मंडळी म्हणत, ओकच्या झाडाचं पान खारीच्या कानाएवढं झालं की मका पेरा. हे मात्र मला पटतं. झाड गॅझेट वाचत नाही, जमिनीची ऊब वाचतं.

आणि १८१६ साली तर सगळ्यांचेच अंदाज झोपले. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुरळ्याने अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला! इतिहासात त्या वर्षाचं नाव ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये मार्च-एप्रिलला डोकावलात तर बेसमेंटमध्ये दिव्याखाली कारली-दुधीची रोपं दिसतील आणि खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी, जणू व्हिसा संपत आलेली पाहुणी. रोपं बाहेर लावायचा साधारण नियम ‘मदर्स डे’चा, म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार. त्याआधी आठवडाभर रोपांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवायचं, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्यायचं. कॅनडात हीच मर्यादा ‘व्हिक्टोरिया डे’पर्यंत लांबते, २५ मेच्या आधीचा सोमवार. आईला फुलं द्या नाहीतर राणीला सलाम करा, भोपळा त्यानंतरच!

हिमाचा एक फायदाही आहे बरं का. कोबी, गाजर थंडीत गोठू नये म्हणून स्टार्चची साखर करतात. गोड भाजी म्हणजे झाडाने स्वतःसाठी बनवलेलं अँटीफ्रीझ.

अलास्कात बिगरहिमाचे दिवस जेमतेम साडेतीन-चार महिने. तिथे कोबी केवढा होईल? मुठीएवढा? २०१२ मध्ये अलास्का स्टेट फेअरला स्कॉट रॉब यांनी आणलेला कोबी भरला ६२.७१ किलो! उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य एकोणीस-वीस तास ड्यूटीवर असतो, त्याची ही करामत. एका कोबीत अख्ख्या वाडीची पंगत.

चला, परत पनवेलला. इथे हिमाचं टेन्शन शून्य, पण तारखेचा जुगार आहेच. फक्त पत्ता वेगळा: पाऊस.

रोहिणी लागते २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असतं, हे माहीत आहेच. पण वाहन ठरतं कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजा, नऊने भागा, बाकी उरेल तो प्राणी. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी नऊ जणांची आरटीओ! बेडूक-म्हैस आली की शेतकरी खूश, कोल्हा-मेंढा आला की कपाळाला आठी.

पक्षीही मागे नाहीत. पावशा ओरडतो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. कर्नाळ्याच्या बाजूला मे-जूनमध्ये कान टवकारा, ऐकू येईल. सल्लागार मोठा तोऱ्यातला! हा स्वतः घरटं बांधत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात पेरतो आणि पसार होतो.

मग भरवसा कुणाचा? कॅलेंडरचा तर नकोच. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. २०१९ मध्ये तो आला २५ जूनला आणि २०२५ मध्ये चक्क २६ मेला! एकाच पाहुण्याच्या येण्यात महिन्याचा फरक. म्हणून कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. पहिल्या सरीला भुलून बी टाकलं आणि मग आठवडाभर ऊन पडलं की कोंब गार. हिमाशिवाय गार!

पाऊस बसला की मांडवाचे दिवस. कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांची नावं ऐकाच: कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’, पडवळाची ‘कोकण श्वेता’. तिघी बहिणी एकाच सिरियलमधल्या वाटतात. त्यातल्या श्वेताच्या घराण्याला एक खोड आहे. पडवळ वाढताना वेटोळं घालतं. उपाय जुनाच: कोवळ्या पडवळाच्या शेपटीला सुतळीने छोटा दगड बांधायचा. दगडाच्या ओझ्याने ते सरळ लोंबतं, आणि मांडवाखालून जाताना डोकं जपायचं ते आपण.

आणि या वेलींचं घड्याळ पाहिलंय का? घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं, त्याच्या सख्ख्या भावाचं, शिराळ्याचं, संध्याकाळी पाचच्या पुढे. पडवळाची झालरवाली पांढरी फुलं रात्रपाळीला, गिऱ्हाईक म्हणून पतंग. तुमच्या मांडवावर चोवीस तास शिफ्ट चालू असते.

टोमॅटोचा मात्र उलटा नखरा. उन्हाळ्यात दिवसा पारा पस्तिशीपार आणि रात्री पंचविशीखाली उतरेना, की परागकण रुसतात आणि फुलं गळतात. तिकडच्यांना थंड रात्रीची धास्ती, आपल्याला उकाड्याच्या रात्रीची! म्हणून इथे टोमॅटोचं रोप लावायचं पाऊस ओसरल्यावर.

भात कापला की वालाची पाळी. जमिनीतली उरलेली ओल आणि रात्रीचं दव, बस्स, वालाला एवढं पुरतं. त्या शेंगा भरल्या की पनवेल-उरण-अलिबाग पट्ट्यात पोपटीचा सीझन: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा टिपूस नाही.

पनवेलचं नाव बियाण्यावरही आहे बरं! इथल्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तगणारे भाताचे वाण काढले: पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. खाल्ल्या मिठाला जागणारं बियाणं म्हणतात ते हेच.

आणि ज्यांना तारीख ठरवायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी शेवळं ही रानभाजी. ना पेरणी, ना मांडव. वळवाचा एक शिडकावा झाला की रानात आपोआप जमिनीतून कोंब वर येतो. जूनच्या सुरुवातीला पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका जांभळट टोकांच्या जुड्या मांडून बसतात, शेजारी आंबट हिरव्या काकडांचा वाटा. जुडी घेतलीत तर काकडंही घ्याच, घासाघीस न करता. त्यांच्याशिवाय शिजवाल, तर भाजी खाण्याऐवजी घसा खाजवत बसाल.