शेक्सपिअर खोटा, कारस्थान खरं

'इंडिपेन्डन्स डे', '२०१२' अशा चित्रपटांतून पृथ्वीची पार वाट लावणारे दिग्दर्शक रोलंड एमरिख २०११ मध्ये अचानक पहिल्या एलिझाबेथच्या लंडनमध्ये शिरले. 'अनॉनिमस'मध्ये त्यांच्या तडाख्यात सापडला तो शेक्सपिअर. 'हॅम्लेट' लिहिणारा खरा हात ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड द व्हेअर याचा, आणि स्ट्रॅटफर्डचा विल्यम म्हणजे दारूडा, धड अक्षरही न गिरवता येणारा नट!

ही कल्पना एमरिख यांची नव्हे. लूनी नावाच्या इंग्रज शाळामास्तरांनी १९२० मध्ये पुस्तक लिहून ती मांडली. हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला दरबाराच्या रीतीभाती, कायदा, इटली हे सगळं कुठून ठाऊक असणार, असा एकूण सूर. त्यातली खानदानी घमेंड लपत नाही. शिवाय द व्हेअर १६०४ मध्येच वारला, आणि 'द टेम्पेस्ट'मागे १६०९ साली बर्म्युडाला फुटलेल्या जहाजाच्या हकिकती आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चित्रपटातला अर्ल मरताना हस्तलिखितांचा गठ्ठा नाटककार बेन जॉन्सनच्या हवाली करतो. पण पाच वर्षांनंतरचं वादळ त्या गठ्ठ्यात कसं असेल?

दरबार मात्र बघण्यासारखा. म्हातारी राणी व्हनेसा रेडग्रेव्ह, तरुण राणी त्यांचीच कन्या जोली रिचर्डसन. वेशभूषेला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

खरी चुटपुट वेगळीच लागते. ७ फेब्रुवारी १६०१ रोजी अर्ल ऑफ एसेक्सच्या साथीदारांनी शेक्सपिअरच्या मंडळीला 'रिचर्ड दुसरा' करायला लावलं. राजाला गादीवरून खाली खेचण्याचं नाटक! दुसऱ्या दिवशी एसेक्सने बंड केलं आणि ते काही तासांत फसलं. एमरिख यांनी इथे 'रिचर्ड तिसरा' घुसडला, कारण कुबड्या राजा दाखवून मंत्री रॉबर्ट सेसिलला टोमणा मारता येतो. एवढी तयार गोष्ट हातात असताना ही उठाठेव कशाला?

पुढचं तर त्यांनी वापरलंच नाही. चौकशीत ऑगस्टिन फिलिप्स या नटाने जबानी दिली: नाटक जुनं, बघायला कोणी येणार नाही म्हणून आम्ही कां-कू करत होतो, नेहमीपेक्षा चाळीस शिलिंग जास्त मिळाले, म्हणून केलं. मंडळी सुटली. एवढंच नव्हे, २४ फेब्रुवारीला त्यांनी राणीसमोर प्रयोगही केला. एसेक्सचं मुंडकं उडालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.