पॅरामाउंट : मालकी आणि वितरण

हिमाच्छादित शिखर आणि त्याभोवतीचे तारकांचे वलय ही जिची मुद्रा जगभरच्या प्रेक्षकांच्या परिचयाची आहे, ती पॅरामाउंट संस्था १९१४ साली जन्मास आली तेव्हा तिच्यापाशी ना स्वतःचा चित्रकक्ष होता, ना पगारी नटमंडळी, डब्ल्यू. डब्ल्यू. हॉडकिन्सन या गृहस्थाने ती उभारली ती केवळ इतरांचे चित्रपट अमेरिकेतल्या थिएटरांपर्यंत पोचविण्यासाठी. निर्मात्यास आगाऊ रक्कम द्यावी, वितरणाचे हक्क घ्यावेत आणि उत्पन्नातून शेकडा ३५ आपली अडत कापून बाकीचे त्याच्या पदरी घालावे, हा त्याचा दस्तूर. प्रांतवार तुकड्यातुकड्यांनी हक्क विकले जाण्याच्या त्या काळात या व्यवस्थेने निर्मात्यास जे आर्थिक स्थैर्य दिले, त्याचे श्रेय हॉडकिन्सनला फार थोडे मिळाले आहे.

हंगेरीतून आलेला, फरच्या व्यापारात मुरलेला अ‍ॅडॉल्फ झुकर हा त्याला चित्रपट पुरविणारा निर्माता; परंतु उत्पन्नाच्या किल्ल्या वितरकाच्या कमरेला आहेत हे ओळखून त्याने पॅरामाउंटचे भाग खरेदी केले, १९१६ साली संस्थापकालाच अध्यक्षपदावरून दूर सारले आणि निर्मिती व वितरण एका मालकीखाली आणले. लोकप्रिय नटी मेरी पिकफर्ड हिचा चित्रपट हवा असेल तर त्यासोबत अनेक सामान्य चित्रपटही घ्यावे लागतील, अशी सक्ती थिएटरवाल्यांवर आली. ती अन्याय्यच होती, कारण न पाहिलेल्या मालाचे दाम त्यांना मोजावे लागत. पुढे संस्थेने थिएटरेच विकत घेतली. १९३० पर्यंत त्यांची संख्या हजारावर गेली, आणि त्या खरेदीच्या कर्जाने मंदीच्या दिवसांत, १९३३ साली, दिवाळे निघाले. संस्था सावरली, पण १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्मिती, वितरण आणि थिएटरे एकाच हाती ठेवणाऱ्या या मक्तेदारीविरुद्ध निवाडा दिला आणि त्यानंतरच्या करारान्वये थिएटरांची वेगळी कंपनी करावी लागली.

त्यानंतर मालक बदलत गेले. १९६६ साली जस्ताच्या धंद्यातही असलेल्या गल्फ अँड वेस्टर्नने, १९९४ साली व्हायाकॉमने, आणि २०२५ साली झालेल्या विलीनीकरणाने स्कायडान्सने तिचा ताबा घेतला. परदेशांतील वितरणासाठी तर तिने १९७० साली युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी संस्थेशीच भागीदारी केली. स्वदेशात एकमेकींशी झुंजणाऱ्या या दोन संस्थांचे चित्रपट परमुलखात एकाच कचेरीतून थिएटरांकडे जात.

परंतु या साऱ्या उलाढालींत मला सर्वांत खेदजनक वाटतो तो १९५८ चा व्यवहार. त्या वर्षी पॅरामाउंटने १९२९ ते १९४९ या काळातले आपले सातशेंहून अधिक बोलपट ५ कोटी डॉलरला एमसीए या कंपनीस विकले. रोख रकमेच्या निकडीपायी एका पिढीची कमाई परक्याच्या हवाली करणे, हा माझ्या मते त्या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत अदूरदर्शी निर्णय होय. एमसीएने पुढे युनिव्हर्सल ताब्यात घेतली, आणि म्हणून १९४४ साली पॅरामाउंटच्या चित्रकक्षात तयार झालेल्या ‘डबल इन्डेम्निटी’चे हक्क आज युनिव्हर्सलकडे आहेत.