ओढणाऱ्या ट्रॅक्टरने ढकलायचे तर

अमेरिकेत बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क भागात नोव्हेंबर २०२२मध्ये तीन-चार दिवसांत जवळजवळ दोन मीटर बर्फ पडला. एरी सरोवराचे न गोठलेले पाणी आणि त्यावरून येणारा गार वारा यांचा हा प्रताप. तिकडे सार्वजनिक रस्ता सरकारी यंत्रे मोकळा करतात. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्याने करायची. म्हणून उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या पंचवीसेक अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरला हिवाळ्यात पुढे बर्फ लोटायचे पाते लागते. (१९९४पासून तिथल्या बाजारात असलेल्या महिंद्रचीही या आकाराची मॉडेल आहेत.) पाते घेताना चौकशी होते ती बहुधा इंजिनाच्या ताकदीची. ती फारशी कामाची नाही, कारण ट्रॅक्टर हे मुळात ओढायचे यंत्र. हॅरी फर्ग्युसनचे थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे औत अडकवायची तीन सांध्यांची जोडणी, १९३९मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आले, त्याची खुबीच ही, की औताची ओढ मागची चाके जमिनीवर अधिक दाबते. पाते पुढे बसवले की हा फायदा हातचा जातो. तेव्हा धक्का कुठे जिरणार आणि वजन कुठून येणार, याचा हिशेब आधी व्हायला हवा.

धक्क्याचे आधी पाहू. पाते बसवायचे दोन मार्ग आहेत: पुढच्या लोडरची बादली काढून त्याच जागी अडकवायचे, किंवा ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या एक्सलपर्यंत जाणारी सबफ्रेम लावून तिला जोडायचे. लोडरचे हात माल उचलायला आणि समोरच्या ढिगात सरळ घुसायला केलेले असतात. पाते मात्र बर्फ कडेला सारण्यासाठी तिरके धरावे लागते. १.८ मीटरच्या पात्याचे टोक बर्फाखालच्या दगडी कठड्याला अडले, तर धक्का मधल्या रेषेपासून पाऊण मीटरहून अधिक लांब बसतो आणि हात पिळवटतात. सबफ्रेमवर तोच धक्का खालून थेट चासीत जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून चांगल्या पात्यामागे जाड स्प्रिंगा असतात: काही अडले की पाते पुढे कलते आणि अडथळा ओलांडून पुन्हा उभे राहते.

यावर आक्षेप येतो, की लोडर आहेच, मग सबफ्रेमचा खर्च कशाला? वाट आखूड, सपाट आणि ओळखीची असेल, चालवणारा चालण्याच्या वेगाने जाणार असेल, तर आक्षेप रास्त आहे. लोडरचा एक लाभ तर सबफ्रेमला नाहीच: बर्फ उंच रचता येतो. फक्त लोडरचा दांडा 'फ्लोट'वर ठेवायला, म्हणजे पाते स्वतःच्याच वजनाने जमिनीवर टेकू द्यायला, विसरू नये. हायड्रॉलिकने पाते खाली दाबून धरले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नावापुरते उरते. मागे ब्लेड लावणे सर्वांत स्वस्त, पण मग आधी बर्फ तुडवायचा, नंतर मान मागे वळवून तो खरवडायचा. बर्फ सारायला कडेला जागाच नसेल, तर पाते सोडून पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, बर्फ दूर फेकणारा ब्लोअर घ्यावा. हट्ट करण्यात अर्थ नाही.

वजनाचा हिशेब लोक सर्रास टाळतात. दोनशे किलोचे पाते पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे लटकले आणि दोन एक्सलांतले अंतर दीड मीटर असले, तर पाते उचलताच मागच्या चाकांवरचा भार १६० किलोंनी घटतो. अशा बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेकही मागच्याच चाकांना असतात, त्यामुळे उतारावर ही घट जास्त धोक्याची. मागे वजनाची पेटी टांगणे किंवा टायरांत द्रव भरणे हा उपाय. निसरड्या बर्फावर त्याला टायरच्या साखळ्यांची जोड लागतेच. खडीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट: पात्याखालचे लोखंडी पाय थोडे खाली सोडून पाते जमिनीपासून बोटभर वर ठेवावे. काही जण पीव्हीसी पाइप लांबीत चिरून पात्याच्या धारेवर चढवतात. पाइप झिजतो, पण खडी जागेवर राहते, नाहीतर वसंतात ती हिरवळीतून वेचत बसावी लागते.