खिडकी पुढे, साहेब आत

फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार. लॅपटॉपवर मस्त चालतो. सर्व्हरवर चढवला, तर पत्त्याच्या शेवटी ':३०००' असं शेपूट लटकतं. परीक्षकांना हे दाखवायचं? लगेच कुणीतरी सुचवतं, 'अरे, रीडायरेक्ट मार ना!' थांबा. त्याने शेपूट जाणार नाही.

कॉलेजचं ऑफिस आठवा. बोनाफाइड मागायला गेलात की खिडकीवरचे काका म्हणतात, 'इथे नाही, तीन नंबरला जा.' हा झाला रीडायरेक्ट. सर्व्हर ३०१ किंवा ३०२ हा कोड आणि नवा पत्ता देतो, ब्राउझर तिकडे जातो आणि वर दिसणारा पत्ताही बदलतो. पण काकांनी अर्ज घेतला, स्वतः आत जाऊन सही आणली आणि त्याच खिडकीतून दाखला हातात ठेवला तर? तो रिव्हर्स प्रॉक्सी. तुम्हाला दिसते ती फक्त खिडकी.

हे काम करणारं एक लोकप्रिय सॉफ्टवेअर म्हणजे एन्जिनएक्स. रशियन प्रोग्रामर इगोर सिसोएव्ह यांनी ते २००४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. एकाच सर्व्हरवर एका वेळी १०,००० कनेक्शन्स कशी सांभाळायची, हा प्रश्न त्यामागे होता. त्यात 'प्रॉक्सी पास' या सूचनेपुढे आतल्या अ‍ॅपचा पत्ता लिहिला, की शेपूट गायब.

इथे बरेच जण खूश होऊन थांबतात. पण आतल्या साहेबांना दिसतात ते फक्त काका! प्रॉक्सी आणि अ‍ॅप एकाच मशिनवर असले, की अ‍ॅपला प्रत्येक रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखी वाटते. समजा, तुम्ही नियम केलाय, एका आयपीवरून पाचदा पासवर्ड चुकला की लॉगिन बंद. मग एकाने पाचदा चुकवला, की अख्ख्या वर्गाला कुलूप. म्हणून काकांनी अर्जाला विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी जोडायची. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हा हेडर म्हणजे तीच चिठ्ठी. ती वाचायला अ‍ॅपलाही सांगावं लागतं. मूळ 'होस्ट'ही आत पाठवा. नाहीतर 'पासवर्ड विसरलात?'च्या मेलमध्ये अ‍ॅप आतलाच पत्ता टाकू शकतं आणि ती लिंक कुणाकडेच उघडणार नाही.

आता मागचं दार. ३००० नंबरचं पोर्ट बाहेरून उघडं राहिलं, तर कुणीही काकांना टाळून थेट आत शिरेल आणि चिठ्ठीवर हवं ते नाव स्वतःच लिहील. अ‍ॅप बिचारं ते खरं मानेल. पाच चुकांचा तुमचा नियम मग कागदावरच. त्यामुळे अ‍ॅप फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल असं ठेवा आणि फायरवॉलमध्येही ते पोर्ट बंद करा.

डेमोच्या आदल्या दिवशी एवढं कराच. मोबाइल डेटा चालू करा, साइटच्या पत्त्याला मुद्दाम ':३०००' जोडा आणि उघडून बघा. उघडलं नाही? मग जमलं!