ओझोनच्या हवेत वाढणारी रोपं

ऑस्ट्रेलियात केर्न्स इथे जेम्स कूक विद्यापीठाच्या ‘ट्रॉपऑझ’ केंद्रात पारदर्शक भिंतींच्या, छत नसलेल्या कोठड्या उभ्या आहेत. आत उष्ण कटिबंधातल्या झाडांची रोपं. पंखे बाहेरची हवा आत सोडतात आणि त्या हवेत ओझोन किती मिसळायचा हे कोठडीगणिक ठरलेलं असतं. ऊन, पाणी, माती मात्र सगळ्यांना सारखीच. म्हणून वाढीतला फरक ओझोनच्या नावावर मांडता येतो. रानात ते फार अवघड. तिथे सावली, कीड, दुष्काळ सगळेच एकदम झाडाच्या वाटेला येतात.

वरच्या वातावरणातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. जमिनीलगतचा ओझोन वेगळ्या वाटेने येतो: गाड्या, वीजकेंद्रं, जळणारी रानं यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, कडक उन्हात त्यांची सेंद्रिय वाफांशी प्रक्रिया होते आणि ओझोन तयार होतो. वाऱ्यावर तो शहरापासून दूर, थेट जंगलात पोचतो. कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पानांची छिद्रं उघडतात, त्याच वाटेने हा आत शिरतो आणि पेशींची आवरणं पोखरतो.

काम चिकाटीचं. पान यंत्राच्या चिमट्यात धरून ते किती कार्बन डायऑक्साइड ओढतं ते बघायचं, खोडाची जाडी मोजायची, वेळेआधी पिवळी पडलेली पानं टिपायची. शेवटी रोप उपटून, मुळं धुऊन, सगळं भट्टीत वाळवून तोलायचं. मुळांचं वजन तर घ्यायलाच हवं, कारण ओझोनचा मार बसलेली अनेक झाडं मुळांकडे कमी अन्न धाडतात आणि वरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही मापं संगणकीय प्रतिमानात घालून काढलेला हिशोब 2024 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आला. ओझोनमुळे उष्ण कटिबंधीय जंगलांची वार्षिक वाढ सरासरी 5.1 टक्क्यांनी घटते, आशियात 10.9 टक्क्यांनी. 2000 पासून दरवर्षी सुमारे 29 कोटी टन कार्बन झाडांत साठायचा राहून गेला.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी, की जिथे नव्याने जंगल उभं करायचं ठरलं आहे, त्याच भागांना ओझोनची झळ जास्त बसते. लागवडीची जागा निवडताना पाऊस आणि मातीबरोबर हवाही तपासायला हवी. दिलासा एवढाच, की हा वायू कार्बन डायऑक्साइडसारखा शतकानुशतकं रेंगाळत नाही. तो काही तास ते काही आठवडेच टिकतो. धूर कमी झाला, तर आज रुजलेल्या रोपालाही त्याचा लाभ मिळू शकतो.