रक्त कमी, फेरिटिन जास्त

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर भागात ‘अंगात रक्त नाही’ ही तक्रार जुनी, आणि ती बायकांची. १९७० साली देशात लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गरोदर बाईच्या हातात त्या पडताहेत. मळमळ आणि काळी शी यांना कंटाळून कित्येक पाकिटं फडताळातच राहतात. लिव्हर हा मात्र पुरुषांचा विषय. शिंदी, दारू, नाहीतर कावीळ. दारूला न शिवणाऱ्याच्या लिव्हरवरही चरबी चढून सूज येते, या आजाराला १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी नाव दिलं, पण आपल्याकडे तो दिसू लागला सोनोग्राफी आल्यावर. मुंबईच्या रेल्वे वसाहतीत डॉ. दीपक अमरापूरकर यांनी केलेली पाहणी २००७मध्ये छापून आली: साधारण सहांत एकाला फॅटी लिव्हर.

या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, हे बराच काळ कुणाच्या ध्यानात नव्हतं. १९९६मध्ये आनुवंशिक लोहसाठ्याचं जनुक सापडलं आणि फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) वाढलं की संशय तिकडेच जाऊ लागला. युरोपातला तो दोष भारतीयांत दुर्मीळ. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या डॉक्टरांनी वेगळे रुग्ण मांडले: लिव्हरमध्ये लोह जास्त, रक्तातलं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) मात्र नॉर्मल, आणि बहुतेकांचं वजन, शुगर किंवा चरबी वाढलेली. २००० नंतर हेप्सिडिन हे संप्रेरक हाती लागलं आणि कोडं बरंचसं सुटलं. हे लिव्हरच बनवतं. सूज असली की ते वाढतं, आतड्यातून लोह आत घेण्याची वाट अडवतं आणि साठलेलं लोहही बाहेर सोडू देत नाही.

म्हणून नांदेड-हैदराबादहून आणलेल्या फाईलीतला एकच आकडा फसवतो. पुरुषाचं फेरिटिन ३८० आणि सॅच्युरेशन २४ टक्के असेल, तर तो लोहाच्या पुरापेक्षा सुजेचा निरोप असण्याची शक्यता जास्त. बाईचं हिमोग्लोबिन साडेनऊ, फेरिटिन ६० आणि सॅच्युरेशन ११ असेल तर उलटा घोळ: सुजेने फेरिटिन फुगतं, ‘लोह ठीक आहे’ असं वाटतं आणि गोळ्या बंद होतात. मला ही दुसरी चूक जास्त महाग वाटते. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

मधल्या काळात रक्त काढून साठलेलं लोह कमी केलं तर लिव्हर सुधारतं का, हेही पाहून झालं. ऑस्ट्रेलियातल्या २०१५च्या चाचणीत फायदा दिसला नाही. वजन उतरवणं, शुगर आवरणं, हाच मुख्य इलाज उरला.

२०२१मध्ये केंद्राने फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतला. आता आशाताई तिशीपुढच्यांच्या कमरेला टेप लावतात. बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की जोखमीचा गुण पडतो. लोहाच्या गोळ्याही त्यांच्याच पिशवीत असतात, पण तो कार्यक्रम वेगळा.